विजयाची पाटी मी फिरवत होतो

मी आयुष्यभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. इतरांनी लिहिलेले जागेवर लावून ठेवायचे, एवढेच मला येते. स्वतः लिहिण्याची सवय नाही, म्हणून हे पुरे व्हायला चार महिने लागले. माझी पत्नी विजया सहा वर्षे कंपवाताने आजारी होती. त्यातली शेवटची तीन वर्षे आम्ही राहुरीच्या अलीकडे एका ज्येष्ठ निवासात काढली. तिथे माझ्या हातून एक गोष्ट रोज होत राहिली. घरचे आजारी माणूस सांभाळणाऱ्या आणखी कोणाच्या हातून तसेच काही होत असेल, तर त्याने हे वाचावे. मायेपोटी केलेली चूक करताना चूक वाटत नाही.

निकाल

विजया श्रीरामपूरच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवत होती. फळ्यावरचे तिचे अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येई. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एकदा ती वाणसामानाची यादी करता करता थांबली आणि म्हणाली, "अहो, माझं अक्षर बारीक होत चाललंय." मी म्हटले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पुढचे आठ महिने आम्ही चष्म्यातच घालवले.

नगरच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावले, बोटे मिटायला-उघडायला लावली, मग एक कोरा कागद पुढे करून म्हणाले, काहीही एक वाक्य लिहा. तिने लिहिले: काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. 'काटकोन' हा शब्द तिच्या नेहमीच्या अक्षरातला होता. 'बेरजेइतका'पर्यंत येताना अक्षरे तिळाएवढी झाली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले.

विजया म्हणाली, "पेपर माझा आहे डॉक्टर. निकाल मला सांगा."

त्यांनी सांगितला. आजार हळू जाईल, बरा होणार नाही, गोळ्यांनी बरीच वर्षे निभावता येईल. आम्ही बसस्थानकावर येऊन बाकावर बसलो. श्रीरामपूरच्या तीन गाड्या लागल्या आणि सुटल्या. आम्ही दोघांनीही उठण्याची भाषा केली नाही. चौथी गाडी लागल्यावर ती म्हणाली, "चला, हिला जागा दिसतेय."

हिरवी आणि लाल

तीन वर्षांनी घर सांभाळणे माझ्याने होईना. आमची एकुलती मुलगी मेधा हैदराबादला असते. ती आम्हाला तिकडे बोलावत होती, पण अनोळखी गावात नवव्या मजल्यावर बसून राहायला विजया तयार नव्हती. हे निवास आम्ही दोघांनी पाहून निवडले. कडुनिंबांच्या मध्ये खोल्यांच्या दोन ओळी, मागे मोसंबीची बाग, आणि पुढच्या रस्त्याने दिवसभर शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्या. मी आल्या आल्या तिथले वाचनालय अंगावर घेतले. दोन कपाटे आणि सहा वर्तमानपत्रे, पण मला तेवढे पुरे होते.

तिथे एक पद्धत होती. प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर, खांद्याच्या उंचीवर, माणशी एक लाकडी पाटी. एक बाजू हिरवी, एक लाल. रात्रीच्या जेवणानंतर सेविका सगळ्या पाट्या लाल करून जात. सकाळी सातच्या आत ज्याने त्याने उठून आपली पाटी हिरवी करायची. सातला सेविकेची फेरी होई. पाटी हिरवी असेल त्या दारावर ती टकटक करत नसे, कोणाची झोपमोड किंवा अडचण होऊ नये म्हणून. लाल असेल ते दार किल्ली लावून उघडायचे. पाटी ज्याची त्यानेच फिरवायची, हा एकच कडक नियम. ज्याची पाटी आठवड्यात तीनदा लाल सापडेल, त्याला शुश्रूषा विभागात हलवण्याचा विचार सुरू होई.

शेजारच्या खोलीतले गायकवाड एसटीतून निवृत्त झालेले, मूळचे सोनईकडचे. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "शनीच्या गावाला दारंच न्हाईत, आन् इथं दाराला सिग्नल. काय वाचनालय, हिरवा पडला का?" त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. वाचनालयच म्हणत.

शुश्रूषा विभाग अंगणाच्या पलीकडे होता. आमच्यात त्याला नुसते 'पलीकडे' म्हणत. तिथे चोवीस तास परिचारिका, कठड्यांचे पलंग, धरायला भिंतीभर दांड्या. पण नवरा-बायको एकत्र राहू शकत नसत. भेटायची वेळ दहा ते बारा आणि चार ते सहा. आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली होती. माझी दिवसरात्रीची एकच धडपड होती, विजयाला पलीकडे जाऊ द्यायचे नाही.

उंबरे

या आजारात पाय उंबऱ्यापाशी जमिनीला चिकटतात. माणसाला जायचे असते, पाऊल उचलत नाही. मागून ढकलले की ते पडते. विजयाने तोड स्वतःच काढली. पाऊल अडले की ती पाढा सुरू करी. तेरा एके तेरा म्हणत डावे पाऊल, तेरा दुणे सव्वीस म्हणत उजवे. आमच्या ओळीच्या सेविका नसीमबाई जवळच्याच वाडीवरच्या. शाळा चौथीत सुटलेली. विजयाला न्हाणीघरात नेता नेता त्यांना तेराचा पाढा पाठ झाला. एकदा विजया 'तेरा साते'ला अडकली, तेव्हा त्या मागून हळूच म्हणाल्या, "एक्क्यान्नव, बाई. उचला पाय." विजया इतकी हसली की पुढे चालताच येईना, तिला खुर्चीतच बसवावे लागले.

अशा काही सकाळी होत्या, हे सांगायला हवे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, सहा वर्षे नुसता अंधार होता.

कॉपी

तिथल्या दुसऱ्या वर्षी तिला पाटीपर्यंत जायला वेळ लागू लागला. मी एकदा घड्याळ लावून पाहिले. पलंगावरून उठून, दार उघडून, पाटी फिरवून परत यायला एकवीस मिनिटे. त्यातली सात नुसती पाटीपाशी. बोटे लाकडावर असत आणि वळत नसत. ती दमून परत येई आणि पुढची गोळी लागू पडेपर्यंत तशीच पडून राही. मग एका सकाळी, ती उठण्याआधी, मी माझी पाटी फिरवली आणि तिचीही फिरवली.

तिला ते लगेच कळले. "कॉपी करताय," ती म्हणाली. एकतीस वर्षांत किती मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या, याचा तिला अभिमान होता. मी म्हटले, एक दिवस. तो एक दिवस चौदा महिने चालला.

मेधाचा रोज संध्याकाळी फोन येई. आई कशी आहे, ती विचारी. मी सांगे, ठीक आहे. विजयाचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता की फोनवर ऐकू जात नसे. त्यामुळे बोलणारा मीच. ती अंघोळीला बसून करते, हे सांगितले नाही. दोनदा माझ्या हातातून सटकून पडली, तेही सांगितले नाही. पाणी पिताना ठसका लागतो, हे फार उशिरा सांगितले. मी खोटे बोलतो आहे, असे मला कधी वाटले नाही. पोरीला काळजी नको, एवढेच वाटे.

विजयानेच विषय काढला, मार्चमध्ये. संध्याकाळी मी तिला मऊ भात भरवत होतो. ती मान हलवून थांबली आणि म्हणाली, आता पलीकडे जाऊ या. मी म्हटले, तू जाशील, मी नाही, 'जाऊ या' कशाला म्हणतेस. तिने पुन्हा काही म्हणायचा प्रयत्न केला. मी पुढचा घास तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडले, कारण घास समोर होता. बोलणे तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ती पडली.

हातभर दार

त्या सकाळी साडेसहाला मी दोन्ही पाट्या हिरव्या केल्या. ती जागी होती. मी आठला चहा घेऊन येतो, तोवर उठू नको, असे रोजच्यासारखे सांगून वाचनालयात गेलो. तिथे कोणीतरी देणगी दिलेली पुस्तकांची खोकी आली होती. मी ती उघडली. काही पुस्तके चांगली होती, मी चाळत बसलो. मान वर केली तेव्हा नऊ वाजत आले होते.

दार ढकलले तर ते हातभर उघडले आणि अडले. मी आणखी जोर लावला. आतून, अगदी जमिनीजवळून, आवाज आला, "ढकलू नका."

ती दारालगत पडली होती. उजवा पाय तिरपा झाला होता, ते नंतर कळले. दाराच्या फटीतून मला तिचे नुसते केस दिसत होते. मी हाका मारल्या, तशा नसीमबाई धावत आल्या, मागच्या व्हरांड्याची जाळी काढून आत शिरल्या आणि तिचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. पुढे विजयाने सांगितले, सातला नसीमबाईंच्या चपला दारावरून गेलेल्या तिला ऐकू आल्या होत्या. तिने हाक मारली होती. गायकवाडांचा रेडिओही ऐकू येत होता. तिने त्यांनाही हाक मारली होती. तिचा आवाज दाराच्या फळीपलीकडे गेला नाही.

ती दाराशी का आली असेल, असे मला तेव्हा वाटून गेले. मला शोधायला निघाली असेल, असे मी धरून चाललो.

रुग्णालय

खुब्याचे हाड मोडले होते. नगरच्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. तिथले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पहाटे पाचला अंग पुसायला येणाऱ्या मावशी, सातला फिनेलचा वास, दहाला डॉक्टरांची फेरी. मी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. कंपवाताच्या गोळ्या ठरल्या मिनिटाला द्याव्या लागतात. वॉर्डाच्या सोयीने दिल्या की माणसाचे लाकूड होते. मी हे तीन वेळा तोंडी सांगितले. चौथ्यांदा कागदावर मोठ्या अक्षरात वेळा लिहून दिल्या, तेव्हा एका तरुण परिचारिकेने तो कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. सोपस्कार वाटला तरी पहिल्याच दिवशी लिहून द्यावे.

शस्त्रक्रियेनंतर चार दिवस तिला भ्रम होता. वॉर्ड तिला परीक्षेचा वर्ग वाटे. समोरच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाईला ती सारखी पुटपुटत सांगे, वेळ संपली, पेपर ठेवा. त्या बाई काष्टीच्या होत्या, बाजारात भाजी विकणाऱ्या. त्या शांतपणे उत्तर देत, "ठिवते हां बाई. शेवटचा परश्न ऱ्हायलाय." मला त्यांचे नाव विचारायचे राहिले.

विजया पडली त्याच संध्याकाळी मेधा पोचली होती. आईचे दंड पाहून ती बाहेर जाऊन रडली आणि आत आली ती चिडून. फोनवर ठीक असलेली आई एवढी वाळलेली कशी? मी म्हटले, आजारच तसा आहे. मग तिचा सगळा राग निवासावर गेला. दोन दिवसांनी ती मला घेऊन तिथे गेली. व्यवस्थापिकाबाईंच्या खोलीत नसीमबाईंना बोलावले. मेधाने विचारले, रोज आईला चालवत होतात, तिची अवस्था दिसत होती, मग सातला दार उघडून एकदा बघायला काय झाले होते?

नसीमबाई म्हणाल्या, "ताई, पाटी हिरवी हुती."

व्यवस्थापिकाबाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "सर, पाटी विजयाताईंनीच फिरवली होती ना?"

माझ्या हातात विजयासाठी पेजेचा थर्मास होता. मी त्याचे झाकण घट्ट केले आणि म्हटले, "हो."

नसीमबाईंनी मान वर केली नाही. नातेवाईक चिडले की कोणाला तरी हलवावे लागते. त्यांना आमच्या ओळीवरून काढून कपडे धुण्याच्या खोलीत पाठवले.

पलीकडे

सोळाव्या दिवशी विजयाला रुग्णालयातून थेट शुश्रूषा विभागात आणले. ज्यासाठी चौदा महिने पाटी फिरवली, ते असे झाले. मी दहा ते बारा आणि चार ते सहा तिच्या पलंगाशी बसू लागलो. मधले तास खोलीत काढणे कठीण होते. गायकवाड दुपारी येऊन बसत. ते काही थट्टा करत नसत, हे मला जास्त टोचे.

भ्रम गेला होता. गिळणे जवळजवळ थांबले होते. नाकातून नळी घालायची का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा विजयाने स्वतः मान हलवून नाही म्हटले. डॉक्टरांनी दोनदा विचारले, तिने दोनदा नाही म्हटले. मेधा हैदराबादला जाऊन दोन दिवसांत परत येणार होती. त्या सकाळी आम्ही दोघेच होतो. गोळी नुकतीच लागू पडली होती. तिचा आवाज ऐकायला मी कान तिच्या तोंडाशी नेला.

मी विचारले, "त्या दिवशी मला शोधायला उठलीस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "पाटी लाल करायला."

मला आधी अर्थच लागला नाही. मग हळूहळू लागला. सातच्या आत दारापर्यंत पोचायचे, हिरवी पाटी पुन्हा लाल करायची, नसीमबाई किल्ली लावून आत येतील, तिला पलंगावर पाहतील आणि पलीकडे हलवण्याचे सगळे आपोआप पुढे जाईल. मी बोलू दिले नाही, म्हणून तिने हा मार्ग काढला होता.

"का?" मी विचारले.

"मला उचलताना तुमचे हात थरथरायला लागले होते." तिने श्वास घेतला. "एका खोलीत एकच कंपवात पुरे."

तिच्या चेहऱ्यावर या आजारात हसू उमटत नसे, स्नायू आवळलेले असत. पण हे वाक्य तिने मनात पुष्कळ दिवस तयार ठेवले असणार, हे मला ओळखता आले. मी तिचा हात धरून बसलो. बाराला परिचारिका आली. मी उठताना विजया म्हणाली, "नसीम कुठंय? दिसत नाही." मी तिला खरे सांगितले. माझा 'हो'सुद्धा. तिने डोळे मिटून घेतले. चारला गेलो तेव्हाही ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली. "सांगून आलात?" एवढेच.

मी सांगून आलो होतो. व्यवस्थापिकाबाईंनी ऐकून घेतले आणि नसीमबाईंना परत बोलावते म्हणाल्या. मग मी कपडे धुण्याच्या खोलीत गेलो. नसीमबाई वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितले. त्यांनी हातातली घडी पुरी केली.

"मला ठाऊक हुतं, सर," त्या म्हणाल्या. "बाईंच्यानं चमचा धरवत न्हाई, पाटी कुठून फिरंल? वरीस झालं मी बघत हुते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलनार? बोलले असते तर तुमची ताटातूट झाली असती. मला वाटलं, हायत तवर ऱ्हाऊ द्या दोघांला." त्यांनी पुढची चादर घेतली. "मी बी सातला हिरवं बघायची आन् फुडं जायची. माज्या डोक्यात ते रोज येतंय."

चादरीचे दुसरे टोक त्यांनी माझ्याकडे टाकले आणि आम्ही दोघांनी उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या.

विजया त्यानंतर अकरा दिवस होती. फुप्फुसात संसर्ग झाला. शेवटच्या आठवड्यात नसीमबाई आपली फेरी संपवून तिच्यापाशी बसत, तिचे केस विंचरत. ती गेली तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. भेटायच्या वेळेतच गेली, म्हणून मी होतो आणि मेधाही होती.

मेधा

मेधाला मी तेव्हाही सांगितले नव्हते. आई जाते आहे, आत्ता नको, असे म्हणता म्हणता राहून गेले. मग दिवसकार्य झाले, मग ती परत गेली. तिचा रोजचा फोन सुरू झाला. कसे आहात बाबा, ती विचारी, मी ठीक म्हणे. एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर माझे मलाच ऐकू आले, मी काय करतो आहे ते.

तोंडी सांगायचे धैर्य नव्हते, म्हणून हे लिहायला घेतले. आत्तापर्यंतचे लिहून झाल्यावर पहिली प्रत तिला पाठवली. नऊ दिवस तिचा फोन आला नाही. दहाव्या दिवशी ती स्वतः आली. आधी नसीमबाईंकडे गेली. त्यांच्यात काय बोलणे झाले ते दोघींनीही मला सांगितलेले नाही. मग खोलीत येऊन आईच्या पलंगावर बसली.

ती म्हणाली, "बाबा, मला खरं कळलं असतं तर मी वर्षभर आधी आले असते. सुट्टी घेतली असती. आईशी बोलता येत होतं तेव्हा आले असते. ते वर्ष तुम्ही घेतलंत."

मी म्हटले, हो.

"मी रागावलेली आहे. ते इतक्यात जाणार नाही."

मी पुन्हा हो म्हटले. ती दोन दिवस राहिली, तिने आईची कपाटे आवरली आणि गेली. हे छापायला द्या, असे जाताना तिनेच सांगितले. नावे बदलू नका म्हणाली.

आता तिचा फोन पूर्वीसारखाच रोज येतो. फक्त, कसे आहात, असे ती विचारत नाही. आज काय काय झाले ते सांगा, असे विचारते, आणि मी सकाळपासून सांगत जातो. काल मी तिला सांगितले की न्हाणीघरात माझा तोल गेला, नळ धरला म्हणून पडलो नाही, आणि ही गेल्या पंधरवड्यातली दुसरी वेळ. तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "पहिली वेळ कधी ते सांगा." मी सांगू लागलो.